कडप्प्याचा ओटा

मी पुणं सोडलं तेव्हा आई स्टेशनवर आली नाही. बाबा रिक्षा थांबवून खाली उभे होते, बॅगा जिना उतरून गेल्या होत्या आणि आई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. माझ्या हातावर दही ठेवून झालं होतं, मी देवाला आणि तिला नमस्कार केला होता. खरं तर ओटाही पुसून झाला होता. तरी ती त्या काळ्या कडप्प्यावरून तळहात फिरवत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नीघ आता. ओटा ओला राहिला की मुंग्या येतात."

दिल्लीत कुणी विचारलं, पुण्याचं काय आठवतं, तर लोकांना ऐकायचं असतं ते मी सांगायचे. टेकडी, भेळ, दुपारची बंद दुकानं. आठवायचा मात्र तो तळहात. जे मागे राहिलात त्यांना याचं हसू येईल, पण माझ्यासारखे जे इकडे आलात त्यांना ठाऊक आहे, माणूस घर सोडताना काय उचलून आणेल याचा नेम नसतो.

लक्ष्मीनगरच्या माझ्या पहिल्या खोलीत ओटा नव्हताच. भिंतीला एक दगडी फळी आणि तिच्यावर दिल्लीच्या खाऱ्या पाण्याचे डाग. मग निखिलशी लग्न झालं. तो मराठीच, पण इथेच वाढलेला, 'बिल्कुल' आणि 'यार' शिवाय ज्याचं वाक्य पुरं होत नाही असा. आम्ही मयूर विहारच्या या सोसायटीत आलो. इथला ओटा संगमरवरी, पिवळा पडलेला, सिंकजवळ तडकलेला. नोकरीसाठी रोज गुरुग्रामला जाऊन येण्यात त्याच्याकडे बघायला फुरसत कुणाला होती? आमच्या ईराला तर ओटा हा शब्दही माहीत नव्हता. तिच्या लेखी ती स्लॅब.

बाबा गेल्यावर आई कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला लागली. मधूनमधून आमच्याकडे यायची, पण पाहुण्यासारखी. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं गं," हे आल्या आल्या सुरू व्हायचं. आणि रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, "चहा करू का?" अगं कर ना, विचारतेस काय! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फ्रीज उघडण्याआधी एकदा माझ्याकडे बघायची. जिच्या हाताखाली मी वरणाला फोडणी द्यायला शिकले, ती बाई माझ्या घरात परवानगी मागत होती. मला ते ऐकवत नसे. मी चिडायचे आणि मग चिडल्याबद्दल वाईट वाटून घ्यायचे.

मागच्या पावसाळ्यात ती तापानं फणफणली आणि आम्हाला कळलं ते शेजारच्या काकूंकडून. त्या दिवशी मी ठरवलं, आता आई कायमची इकडे. ती कुठली ऐकते! "होळीपर्यंत राहते," एवढंच म्हणाली. मग माझ्या डोक्यात आलं की स्वयंपाकघर नाहीतरी नव्यानं करायचंच आहे, तर ते आईचं करून टाकू. तिचा ओटा तिला इथे मिळाला की पाहुणेपण आपोआप जाईल.

झालं, मी कडप्प्याच्या मागे लागले. कीर्तीनगरच्या दुकानदारानं हात वर केले. "कडप्पा? मैडम, वो तो आपके साउथ में चलता है." दिल्लीवाल्यांचा साउथ भोपाळच्या खाली कुठेही सुरू होतो, त्यामुळे मी वाद घातला नाही. शेवटी तशाच रंगाचा, चकाकी नसलेला काळा ग्रॅनाइट ठरवला. ओट्यामागच्या भिंतीला वारलीच्या टाइल्स, गोल फेर धरून नाचणारी माणसं. निखिल म्हणाला, "यार अनघा, किचनमध्ये आधीच उजेड कमी, काळ्यानं गुहा होईल." ईराला पांढरा क्वार्ट्झ हवा होता, तिच्या मैत्रिणीकडे आहे तसा. मी दोघांना एकाच वाक्यात गप्प केलं, "हे आजीसाठी आहे."

दिवाळीनंतर आई आली. दगड कापायला जाण्याआधी तिला दाखवावा म्हणून मी तिला दुकानात घेऊन गेले. वाटेत काही सांगितलं नाही, तिथे गेल्यावर तिचा चेहरा बघायचा होता. तिनं त्या काळ्या दगडावर हात ठेवला. मी मोबाइलवर फोटोही काढला. आई म्हणाली, "छान आहे." आईचं 'छान आहे' तुम्हाला माहीत असेल. न आवडलेल्या साडीला, न जमलेल्या स्थळाला आणि कच्च्या राहिलेल्या पोळीला ती हेच म्हणते.

"अगं, आपल्या घरचा ओटा आहे तसाच्या तसा!"

"तेच बघते आहे." ती शेजारी मांडलेल्या वारलीच्या टाइल्सकडे वळली. "आणि हे कोण नाचतंय? आपल्या घरी कुठे होती वारली?"

नव्हती, कधीच नव्हती. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी घराच्या भिंतीवर बघून बघून मला ती आमच्याच घरची वाटायला लागली होती.

"पण ओटा तर तुझाच ना?" मी हट्टानं म्हणाले.

"तुझ्या बाबांनी आणला होता तो. डाग दिसत नाही म्हणाले. दिसत नाही म्हणजे पडत नाही असं थोडंच आहे? त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात पीठ कुठे सांडलंय, पाणी कुठे राहिलंय, मला कधी कळायचं नाही. जन्मभर हातानं चाचपून पुसला तो. मला पांढरा हवा होता. विचारलं कुणी?"

मला राग आला. इतक्या वर्षांचा तो तळहात, जो मी मायेनं फिरताना पाहिला होता, तो पिठाचे कण शोधत होता? मी परमुलखात उराशी धरून बसले होते ती आईची रोजची कटकट होती? दगडांच्या त्या दुकानात मला रडू फुटेल असं वाटलं. माझी आठवण चुकीची होती म्हणून नाही. मी तरी तिला कुठे विचारलं होतं? बाबांसारखंच मीही ठरवून मोकळी झाले होते, आणि वर तिच्यासाठी म्हणून.

मी विचारलं, "मग आता कुठला घ्यायचा?"

आई याच प्रश्नाची वाट बघत असावी. तिनं पर्समधून एक छोटी डबी काढली आणि अर्धं लिंबू. डबीत हळद होती. म्हणजे बाईसाहेब घरूनच तयारीनं आल्या होत्या! मी काही सांगितलं नव्हतं, पण ईरानं बोलता बोलता फोडलं असणार. तिनं दुकानदाराला हाक मारली, "भैया, वो सफेद वाला लाओ. उसको थोडा पाणी मारो." आणि पांढऱ्या क्वार्ट्झच्या तीन नमुन्यांवर तिनं सरळ ओली हळद फासली, शेजारी लिंबू पिळलं, आणि स्टूल ओढून बसली. दुकानदार म्हणाला, "अरे माताजी, ये क्या कर रहे हो?" आई म्हणाली, "रुको. देखना है ना." दोन नमुन्यांवर पिवळा डाग राहिला, ते बाद झाले. तिसरा ओल्या फडक्यानं स्वच्छ निघाला. तोच ठरला. काळा दगड कापला नव्हता, म्हणून बदलून मिळाला. भिंतीला तिनं साध्या, फिक्या पिवळ्या टाइल्स निवडल्या. मी वारलीबद्दल एकदा बोलून बघितलं, तर म्हणाली, "त्यांच्या रेषांत तेल जाऊन बसेल, मग तू नाचशील घासत."

काम संपलं त्या सकाळी थंडीचं ऊन चक्क ओट्यावर आलं होतं. पहिलं दूध उतू घालायचं होतं. मी म्हणाले, आई, तू घाल. ती मागे सरकली. "घर तुझं आहे. तूच घालायचं." माझं मन खट्टू झालं. एवढं सगळं करून ती पुन्हा दारातच उभी राहिली होती. मी गॅस पेटवला. निखिल आणि ईरा फोन धरून सज्ज. जिनं आयुष्यभर दूध उतू जाऊ दिलं नाही ती आई पातेल्याकडे टक लावून बघत होती. दूध फुगलं, काठावरून उतरलं, बर्नरवरून ओट्यावर पसरलं. ईरानं टाळ्या वाजवल्या.

मी फडकं उचललं. आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"सरक तिकडे. ओटा ओला राहिला की मुंग्या येतात."

तिनं पुसलं, आणि पुसून झाल्यावर तळहात काही फिरवला नाही. बघितलं फक्त. सगळं दिसत होतं.

होळीला अजून अवकाश आहे आणि परतीच्या तिकिटाचा विषय मी काढलेला नाही, तिनंही नाही. घर म्हणजे काय, हे मागे राहिलेले विचारतात आणि पुढे गेलेलेही. मला एवढंच सांगता येतं की त्या सकाळी ओटा पुसून आईनं उरलेलं दूध पुन्हा गॅसवर ठेवलं, माझ्याच फडताळातून माझा चहाचा डबा काढला, आलं ठेचलं आणि आम्हा चौघांचा चहा केला. करू का, असं तिनं विचारलं नाही.