दोन डोळ्यांवर छाटलेलं सफरचंद

इथं आखातात, दुखानच्या आमच्या घरामागे सफरचंदाचं झाड आहे, असं सांगितलं की नाशिकचे नातेवाईक फोनवर हसतात. हसू देत. मीसुद्धा हसले होते. शेजारच्या, मूळच्या बगदादच्या मावशी लेकाकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी ते कुंडीतलं कलम माझ्या हाती दिलं. त्यांच्या माहेरचा जुना वाण. फळ लिंबाहून जरा मोठं, पांढुरकं, आंबटगोड, बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही असं. पण थोडक्या थंडीवर भागवणारं. "डिसेंबरात पानं हातानं काढून टाक, म्हणजे त्याला हिवाळा आल्यासारखं वाटेल," एवढं सांगून मावशी गेल्या.

कलम परसात लावलं आणि तीन वर्षं मी त्याच्यामागे वेड्यासारखी लागले. एसीचं पाणी बादलीत धरून घालायचं, उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधायची, डिसेंबरात पानं उतरवायची. नवरा म्हणायचा, "माझी एवढी काळजी घेतली असतीस तर मला मोहोर आला असता." चौथ्या वर्षी जानेवारीत जुन्या फांद्यांवर आखूड, सुरकुतलेल्या गाठी दिसल्या आणि त्यांच्या टोकाला गुबगुबीत कळ्या. अगंबाई, यंदा फुलं! मावशींना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, इन्शाल्ला.

नेमके तेव्हाच दादा आले. दादा म्हणजे माझे वडील. उभा जन्म द्राक्षबागेत गेलेला, छाटणी करावी तर त्यांनीच, असं पंचक्रोशीत नाव. बाग आता भाऊ बघतो, त्यामुळे दादांच्या हाताला चैन नव्हती. छाटणीची कात्री बॅगेत घालून आणली होती. "असू दे, लागते," म्हणाले.

एक दिवस मी अल वक्र्याला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर परसात नुसता खुंट. प्रत्येक फांदी द्राक्षाच्या काडीसारखी दोन डोळ्यांवर कापलेली, म्हणजे बुडाकडच्या दोन कळ्या राखून पुढचं सगळं उडवलेलं. तोडलेल्या फांद्यांची नीट जुडी बांधून कोपऱ्यात ठेवली होती. दादा खुर्चीत समाधानानं बसले होते. "लई माजलं होतं बाई. आता बघ कसं लगडतं."

द्राक्ष येतं नव्या फुटीवर. आमचं सफरचंद येणार होतं त्या जुन्या गाठींवर, आणि त्या सगळ्या जुडीत होत्या.

जिभेला हाड नसतं, माझ्या तर मुळीच नाही. "दादा, विचारायला काय झालं होतं? जगात द्राक्षाशिवाय दुसरं झाड नाही का? कुणी सांगितलं होतं हात लावायला?" दादा उठले. कात्री पुसली, बॅगेत ठेवली. पुढचे पंधरा दिवस ते परसात फिरकले नाहीत, चहासुद्धा खिडकीकडे पाठ करून घ्यायचे. मला माझीच लाज वाटत होती, पण "चुकलं" म्हणायला तोंड उघडेना. नवरा म्हणाला, "झाड फुटेल गं परत. दादांचं काय?"

विमानतळावर मी विचारलं, "आता परत कधी?" दादा म्हणाले, "आता कशाला? इथं माझं काय काम?"

पुढे दोन वर्षं मी बोलवत राहिले आणि ते निमित्तं काढत राहिले. मग भावानं सांगितलं, दादा आता बागेतही कात्री धरत नाहीत, "पोरांना कळतं" म्हणतात. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. माझ्या एका वाक्यानं त्या माणसाच्या हातातली कात्री गेली होती.

झाड मात्र पठ्ठ्या निघालं. भरगच्च फुटलं, चांगलं डेरेदार झालं, आणि दुसऱ्या वर्षी फुललंसुद्धा. फळं सुपारीएवढी झाल्यावर मी दादांना फोन लावला. "एकेका झुपक्यात तीन-तीन धरलीत. विरळणी करू का?"

"मला सफरचंदातलं काय कळतं?"

"मला तरी कुठं कळतं? दादा, मी तेव्हा नको ते बोलले. माझं चुकलं. तुम्ही या."

दादा म्हणाले, "एकेकच ठेव. बाकीची काढ."

मे संपता संपता दादा आले. कात्री आणली नव्हती. सकाळी सहालाच घामाच्या धारा लागलेल्या, तरी मी त्यांना परसात नेलं आणि माझी कात्री पुढे केली. हे फळ हातानं उचलून पिरगळलं की सुटतं, कात्री लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग घड धरतात तसा फळाखाली तळवा धरला आणि देठ कापला.

चार फोडी केल्या. "आंबट आहे," म्हणाले, आणि दुसरी फोड उचलली. मग उठून झाडाभोवती फिरले, एका जागी थांबले.

"ही आडवी आलेली फांदी काढू का गं?"

"काढा," मी म्हणाले. कुठली ते बघितलंसुद्धा नाही.