ताईंचा निवांत दिवस

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा चिखलीतल्या माझ्या शिवणाच्या दुकानात मी ब्लाउजची बाही कापत होते. बाही पूर्ण कापली, दुकान बंद केलं आणि देऊळगाव राजाची बस धरली. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांच्याबद्दल चार गोड शब्द लिहावेत म्हणून बसले आहे खरी, पण तीन आठवडे झाले तरी माझा राग उतरलेला नाही. तेव्हा तोच लिहिते.

त्या जाण्याच्या महिनाभर आधी दापोलीला आमच्या भाचीचं लग्न झालं. बाकीचे परतले, आम्ही दोघी एक दिवस मागे राहून हर्णै बंदर बघायला गेलो. चाळीस माणसांचा स्वयंपाक उभ्यानं उरकणाऱ्या ताई बंदरावर पोचताच एका पालथ्या होडीला टेकल्या. समोर मासळीच्या टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालला होता. शेजारच्या कोळणीनं विचारलं, "घेणार, की नुसतं बघणार?"

"पाहून राह्यली ना वं! आमच्या इकडं एवढं पाणी पाह्याले नाही भेटत."

कोळीण हसली, बसायला रिकामा क्रेट दिला. मला होडीनं सुवर्णदुर्गावर जायचं होतं. "तू जाय," ताई म्हणाल्या, "मले इथूनच दिसते सारं."

"ताई, समुद्रावर येऊन ओट्यावर बसल्यासारख्या काय बसता?"

"बसू दे वं. सासरी आल्यापासून बसली कधी मी?"

मला ते पटलं. मी किल्ला बघून आले, तर त्या तिथेच होत्या. संध्याकाळपर्यंत आम्ही फार तर शंभर पावलं चाललो असू. परतल्यावर दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगत होते, आमच्या ताईंना एकदाचा निवांत दिवस मिळाला...

दहाव्याला काही कागद शोधताना महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या पेटीत दवाखान्याची फाइल सापडली. तारीख श्रावणातली. चालताना धाप लागते, छातीत कळ येते, हृदयाची तपासणी ताबडतोब करावी. मी त्यांच्या सुनेपुढे फाइल धरली. ती रडायलाच लागली. "काकू, आईनं शपथ घातली होती. म्हणे, आधी महालक्ष्म्या होऊ दे. मंग म्हणे दिवाळी. मंग म्हणे लग्न."

आमच्या घरांत बाईचं दुखणं असंच सणामागे सण ढकलत नेतात. मुखवटे मांडायचे असताना दवाखाना कुठे काढायचा? त्या महालक्ष्म्यांना मी तीन दिवस त्यांच्याच घरी होते. पुरण वाटताना त्या दोनदा उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि मी शहाणी म्हणाले, "धूर फार झाला बाई."

भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, "पुण्यवान होती. कोणाले तरास देला नाही." परवा एकीला मी म्हटलंच, "द्याले पाह्यजे होता. आम्ही का मेलो होतो?" ती चहा न घेताच उठली. उठू दे.

हर्णैचे अकरा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पुसायला घेते आणि पुसत नाही. एकात ताईंनी डावा हात छातीशी गच्च दाबून धरला आहे. वाऱ्यानं उडणारा पदर धरलाय, असं मला तेव्हा वाटलं होतं. "हात खाली घ्या, काठ दिसत नाहीत," असंही मीच म्हणाले होते.

पुढच्या फोटोत हात खाली आहे. ताई हसताहेत. काठ छान दिसतात.