सहा खोकी, चार पट्ट्या, आठ सुटी

धुकं असं दाटलं होतं की आवारात उभी असलेली गाडी दिसत नव्हती, नुसती तिची घरघर ऐकू येत होती. पैलवानाने गोदामाचं शटर वर ढकललं. ते अर्ध्यात अडलं. सवयीने तो पाठ लावायला वाकला आणि मध्येच थांबला. पाठ आता कशालाच लावायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग त्याने कोपऱ्यातली काठी घेऊन शटर उचकटलं, मांडण्या पुसल्या आणि कालच्या सुट्या बटणांच्या पट्ट्या करायला बसला.

पैलवान हे हमालांनी ठेवलेलं नाव. बावीस वर्षं त्याने या बटणांच्या कारखान्यात ओझी वाहिली. गेल्या वर्षी मणका गेला, मागोमाग बायको गेली. लोक दोन्हींबद्दल एकाच सुरात हळहळायचे आणि तो दोन्हींना ‘हं’ म्हणायचा. रडू आलं नाही. भूक लागली की जेवायचा, दिवा घालवला की पडायचा. मालकाने त्याला गोदामात बसवलं. दहा बटणांची पट्टी, दहा पट्ट्यांची डबी, दहा डब्यांचं खोकं. मोजायचं आणि आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. मोजण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. घोळ सगळा लिहिण्यात होता.

मुकादम आला तो चिठ्ठी फडकवतच.

“पैलवान, काळी बटणं किती होती काल?”

“चारशे सात.”

“मग हे काय लिहिलंय?”

चिठ्ठीवर ४००७ होतं. पैलवानाने पाहिलं. चारशे, म्हणजे ४००. पुढे सात. त्याला तर बरोबरच वाटलं.

“चार हजार आहेत म्हणून शिंप्यांनी गाडी पाठवली. रिकामी गेली परत! मालकासमोर माझी शोभा झाली. ही तिसरी खेप आहे, भाऊ. दुपारी निळ्या बटणांची मोजणी आहे, मी स्वतः मोजतो. चिठ्ठी चुकली तर उद्यापासून घरी आराम करा.”

तो ओरडला असता तरी पैलवानाला काही वाटलं नसतं. पण ‘घरी’ हा शब्द आत कुठेतरी अडकला. ती खोली, ती खाट, भिंतीवरची बायकोची पिशवी, आणि दिवसभर तिथे बसायचं. तेवढं मात्र नको होतं.

जेवणाच्या सुट्टीत मेहुणी डबा घेऊन समोर बसली. बायकोची धाकटी बहीण, पॅकिंगला होती. जिभेला हाड नव्हतं.

“भावजी, रिकामी गाडी फिरवलीत म्हणे! भाडं तरी घ्यायचं वाटेत कुणाचं.”

“हं.”

“हं काय? घरी बसलात तर तुमचं हे थोबाड बघायला मला रोज यावं लागेल. लिहून दाखवा, तीनशे बारा.”

त्याने ३००१२ लिहिलं. तिने कपाळावर हात मारला, पण हसली नाही.

“अहो, बोलता तसंच लिहिता की तुम्ही. माझी पोरगीसुद्धा असंच करायची. बाईंनी तिला आधी संख्या फोडायला लावली.” तिने खोक्याचा पुठ्ठा फाडून तीन तुकडे केले आणि कोळशाने लिहिलं. लांब तुकड्यावर ३००, त्याहून आखूडवर १०, इवल्याशावर २. “तीनशे अधिक दहा अधिक दोन. झालं फोडून. आता एकावर एक ठेवा.”

पैलवानाने तुकडे रचले. डाव्या कडेला कड लावून. दहाच्या खाली तीन दडला, वरून नुसतं २०० दिसायला लागलं.

“डावीकडून नाही!”

“लिहितात तर डावीकडून.”

“बावीस वर्षं खोकी रचलीत ना? भिंत कुठली धरायचात?”

तो थांबला. खोकी भिंतीला टेकवूनच रचायची, मोठं खाली, लहान वर, सगळ्यांची कड एका भिंतीला. नाहीतर थप्पी ढासळते. त्याने तुकडे उचलले आणि सगळ्यांची उजवी कड जुळवली. दहाने दोन शून्यं झाकली, दोनने एक. वर राहिलं ३१२.

“भिंत उजवीकडे आहे,” तो म्हणाला. कित्येक दिवसांत एवढं मोठं वाक्य तो बोलला नव्हता.

“ताई असती तर म्हणाली असती, पैलवानाला अक्कल पाठीतून आली.” मेहुणीने डोळे पुसले आणि डबा बंद केला. पैलवान तिच्याकडे बघत राहिला. आपल्यालाही काहीतरी व्हायला हवं, असं त्याला वाटलं. झालं नाही.

दुपारी मुकादमाने मांडणी स्वतः मोजली, ओठ हलवत, आणि आकडा आपल्या कागदावर उतरवून बाजूला झाला. मग पैलवानाने मोजलं. खोकी सहा. डब्यांचा कप्पा मोकळा. पट्ट्या चार. सुटी बटणं आठ.

“किती?”

“सहा हजार अठ्ठेचाळीस.”

“लिहा.”

हात जुन्या वाटेने निघाला होता, ६००० लिहून पुढे ४८ ठेवायला. त्याने पेन उचललं. चिठ्ठीच्या मागे एकाखाली एक लिहिलं, उजवी कड धरून: ६०००. डब्या नाहीत, तिथे ०. मग ४०. मग ८. अठ्ठेचाळीस फोडताना त्याला घाम आला. कड बोटाने तपासली. चिठ्ठी उलटून सावकाश लिहिलं, ६०४८.

मुकादमाने चिठ्ठी आपल्या कागदाशेजारी धरली. पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली.

“हे मागचं काय?”

“थप्पी.”

“रोज घाला मग थप्पी. उद्या लाल बटणं आहेत, वेळेवर या.” तो गेला.

उद्या यायचं आहे. पैलवानाने ते एकदा मनात म्हणून पाहिलं. आनंद झाला नाही, पण खोली दूर सरकली, निदान सहा वाजेपर्यंत. दाराशी मेहुणी मान वर करून विचारत होती. त्याने होकारार्थी मान डोलावली. ती पदराला हात पुसत पॅकिंगकडे पळाली.

खालच्या मांडणीतलं एक खोकं तळाशी उसवलं होतं. पैलवान स्टुलावर बसला, सुतळीचं टोक दातात धरलं आणि खोक्याला पहिला वेढा दिला.