टेपचं दुसरं टोक

पडक्या गढ्या मोजत फिरलं की वहीत मापं कमी आणि किस्सेच जास्त जमतात. आम्ही दोघंच. मी नकाशे काढतो, गजाननभाऊ टेपचं टोक धरतात. टोक जागेवर टेकलं की ते ओरडतात, "धरलं!" त्याशिवाय मी आकडा वाचत नाही. आता तर घरी बायकोने चहाची बशी पुढे केली तरी म्हणतात, "धरलं!"

*

मेडशीच्या पुढच्या एका गावातली गढी. खाली काळा दगड, वर विटा, आणि भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेली तिरपी भोकं. मी आतून एका भोकाला डोळा लावला. बाहेर गजाननभाऊ मान वर करून उभे.

"साहेब, कोन पाहून राह्यलं?"

"अहो, मीच!"

"तुमी तर तिसऱ्या भोकातून दिसता. मी पयल्याचं इचारून राह्यलो."

त्या दिवशी डबा आम्ही देवळात जाऊन खाल्ला!

*

बुरुजाच्या पोटात पांढरी माती असते. भिंती पोतारायला गाव ती नेतं. पण खणण्याआधी गढीला हात लावून आपलं नाव सांगायचं, असा रिवाज. मी हसलो.

गढीला लागून घर असलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, "हासू नका. माह्या लग्नाच्या टायमाले माहा भाऊ नामदेव माती आनाले आला. घाईत नाव सांगाचं राह्यलं. बुरूज बसला त्याच्यावर. लय खनलं, सापडला नाई. तुमच्या नकाशात तो कुठं हाय, तेवढं समजलं तरी पुरे."

मला फार वाईट वाटलं. नकाशात माणसं कुठे असतात!

*

शेवटी तोच ढासळलेला बुरूज उरला. भर दुपार. शेवंताबाई सावलीत बसलेल्या. गजाननभाऊ टोक घेऊन बुरुजामागे गेले.

"धरलं!"

टेप ताठ झाला. मी वाचलं, सव्वीस फूट. लिहून घेतलं आणि म्हणालो, "सोडा!"

सोडेना. पुन्हा ओरडलो.

"काय म्हन्ता?" आवाज माझ्या पाठीमागून आला. दुसऱ्या बाजूने वळसा घालून गजाननभाऊ लंगडत येत होते. "काटा रुतला साहेब. टोक तिथंच टाकून काढाले बसलो व्हतो. अजून धरलं कुठं?"

टेप ताठच होता.

शेवंताबाई उठल्या. त्यांनी बुरुजाला हात लावला.

"नामदेवा, माप झालं रे बाबा. सोड आता."

टेप सैल पडला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "लिवलं ना साहेब? किती फुटावर हाय तो?"