फौजदारांच्या शेजारची जागा

चार मास्तर कुठेही एकत्र आले की किस्से आपोआप साठतात, कपाटामागे धूळ साठते तसे. कुणी मुद्दाम टाकत नाही, पण कपाट जरा सरकवलं की हा ढीग! परवा एक तरुण प्राध्यापक मला सांगत होते, आता म्हणे शिक्षकांना संशोधन शिकवायचे वर्ग निघालेत, अगदी नवी कल्पना. मी म्हटलं, "नवी कसली हो! आम्ही साताऱ्यात शिकलोय. बेचाळीसनंतर. पोलीस बंदोबस्तात!"

वर्ग दामले सरांचा. सर पुण्याचे, विलायतेत शिकून आलेले. विषय एकच, चौथीनंतर मुलं शाळा का सोडतात. त्यासाठी गावोगावचे मास्तर सुट्टीत एका शाळेत गोळा केलेले. माझ्या बाकावर दोघं होते. एक चौगुले मास्तर, सांगलीकडचे जैन, घरी हळदीचा व्यापार. सांगली तेव्हा संस्थानात, म्हणून आम्ही त्यांना पाहुणे समजायचो. दुसरे शिंदे मास्तर, पाटणचे. ते फारसं बोलायचे नाहीत, आणि त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ बेचाळीसपासून फरारी होता. भावाला भेटल्याचं नुसतं सिद्ध झालं असतं तरी मास्तरांची नोकरी गेली असती, वर तुरुंग. घरात आई, बायको, पोरं.

हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. आपल्यातला कोण पोलिसांच्या कानाला लागतो, काय सांगावं? मी चौगुल्यांवर संशय घ्यायचो. चौगुले माझ्यावर!

*

पहिल्याच दिवशी शेवटच्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ. कोट, टोपी, मिशा. सरांनी ओळख विचारली.

"मीबी मास्तरच हाय," ते म्हणाले.

"कोणत्या इयत्तेचे?"

"सगळ्या!"

सरांनी बाकाखाली पाहिलं. पायात पोलिसी बूट, आरशासारखे चकचकीत! आमच्यातल्या एकाच्याही पायात धड वहाण नव्हती.

"फौजदारसाहेब," सर शांतपणे म्हणाले, "बसा खुशाल. पण माझ्या वर्गात बसायचं तर गृहपाठ करावा लागेल."

आणि मोहिते फौजदार रोज बसू लागले. तेही गृहपाठासकट!

*

पहिला गृहपाठ असा, की एका मुलाला त्याच्या नकळत अर्धा तास पाहायचं आणि दिसलं तेवढंच लिहायचं. आपली मतं घालायची नाहीत. सरांचा याबाबत भारी कटाक्ष. "सुमारे" म्हटलं तरी खवळायचे. "सुमारे म्हणजे काय? जे पाहिलं नाही ते तोंडातून काढायचं नाही!"

मोहिते उभे राहून वाचू लागले, "सदर मुलगा भिंतीआड उभा राहून संशयास्पद रीतीने चिंच खात होता."

"'संशयास्पद' काढा," सर म्हणाले. "चिंच खात होता, एवढंच."

मोहित्यांना ते काही पटेना. शब्द खोडता खोडता म्हणाले, "काढतो. पर सर, चिंच कुनाची?"

*

मग आम्हाला खेड्यांत पाठवलं. विट्याजवळच्या एका वस्तीवर मी गेलो. एक शेतकरी बांधावर बसला होता, डोक्याला पटका, शेजारी विळा. मी राम राम घातला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाटील, मुलं किती?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्याचा मोठा मुलगा पलटणीत होता आणि सरकारनं लेव्हीचं धान्य नुकतंच उचलून नेलं होतं. कागद घेऊन येणारा माणूस त्याला कसा आवडावा?

"तुमी कोन? पलटनीवालं?"

"नाही हो, मी मास्तर."

"मग रेशनवालं?"

"नाही, नाही!"

"आवं मास्तर, मग आदी येक सांगा," तो म्हणाला. "तुमी देनार हाय का नेनार? त्यावर पोरं किती ते सांगतो!"

मी सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. सरांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "विलायतेत हे कुणी शिकवलं नाही मला."

*

चौगुल्यांचा अनुभव आमच्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडचा. एका घरी त्यांनी विचारलं, मुलीचं वय काय, शाळा किती झाली, का सोडली. घरात एकदम धावपळ उडाली. सतरंजी अंथरली, पोहे आले, मुलीचा काका शेतातून बोलावला गेला. पोहे संपल्यावर मुलीचे वडील म्हणाले, "आता मुलाचं सांगा."

"कोणत्या मुलाचं?"

वडिलांचा चेहरा उतरला. काकांना बाजूला घेऊन ते कुजबुजले, पण चौगुल्यांना सगळं ऐकू आलं. "पोरात कायतरी खोट हाय. मानूस नावच घेत न्हाई!"

*

एक आठवडा सहकार्याचा होता. आपण जमवलेली माहिती दुसऱ्याला द्यायची, त्याची आपण घ्यायची, म्हणजे ज्ञान वाढतं, असं सरांनी तासभर समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग जो तो आपले कागद बुडाखाली घेऊन बसला!

सर माझ्याकडे बोट दाखवून चौगुल्यांना म्हणाले, "तुम्ही सुरुवात करा. कागद यांना द्या."

"देतो की," चौगुले म्हणाले. "आधी त्यांचा माल बघू दे."

मीही काही कमी नव्हतो. शेवटी दोघांनी एकमेकांचे कागद धरले आणि कुणीच सोडेना. मोहिते मागून उठले, मध्ये उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "तीन म्हनल्यावर दोघांनी सोडायचं!"

आमच्या जिल्ह्यातलं पहिलं विद्वत्तापूर्ण सहकार्य असं फौजदारांच्या समक्ष झालं.

*

सरांचा आणखी एक नियम होता. एकाच घरी दोघांनी वेगवेगळं जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. चौगुले आणि शिंदे यांची जोडी होती. त्यांची उत्तरं आली ती शब्दाला शब्द सारखी. आम्ही कौतुकानं पाहत होतो. सरांनी कागद बाजूला सारले.

"कोणत्या हॉटेलात बसून लिहिलंत?"

दोघांच्या माना खाली!

"दोन माणसांनी खरोखर एकच गोष्ट पाहिली ना, तर सांगताना थोडा फरक पडतोच," सर म्हणाले. "एकाला दार दिसतं, एकाला खिडकी. तंतोतंत जुळलं की समजावं, पाठ केलंय."

मागच्या बाकावर मोहित्यांनी मांडीवर थाप मारली. "लय खरं बोलला, सर! आमचं साक्षीदार असंच पाठ करून येत्यात!"

*

आता शेवटचा किस्सा.

एका दुपारी शिंदे मास्तर वर्गाला आले नाहीत. आदल्या दिवशी त्यांना निरोप आला होता की भाऊ कुठल्याशा डोंगरात तापानं फणफणलाय. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे पोलीस साहेब स्वतः शाळेत हजर! काल दुपारी शिंद्यांना पाटणच्या वाटेवर पाहिल्याची खबर होती, आणि शिंदे अजून परतले नव्हते. आज ते गृहपाठासाठी वस्तीवर गेलेत, असं कुणीतरी साहेबांना ठोकून दिलं होतं. काल मागच्या बाकावर मोहिते दुपारभर बसून होते. त्यांना सगळं ठाऊक होतं.

साहेबांनी मोहित्यांना कोपऱ्यात उभं केलं. "तुमचं शेवटी. आधी ही मास्तर मंडळी किती खोटं बोलतात ते पाहू."

आम्हाला एकेक करून आत बोलावलं. ज्याचं झालं त्याला तिथेच थांबवून ठेवलं, म्हणजे बाहेर कुजबुज नको. पहिला मी.

"काल दुपारी शिंदे कुठे होते?"

"वर्गात," मी म्हटलं. "खिडकीपाशी."

चौगुले आले. एरवी हळदीचा भाव सांगतानाही चार वेळा विचार करणारा माणूस! फटकन म्हणाला, "वर्गातच. दारापाशी बसले होते."

मी डोळे मिटून घेतले.

मग दामले सर. जे पाहिलं नाही ते तोंडातून काढायचं नाही, असं आम्हाला बजावणारे सर. खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शिंदे? मागच्या बाकावर होते. फौजदारांच्या शेजारी."

साहेब उसळले, "एक खिडकीत, एक दारात, एक मागे! मोहिते, ही काय थट्टा चाललीय?"

मोहिते पुढे आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, तीच तर खूण हाय. तंतोतंत जुळलं असतं तर संशय घ्यायचा. फरक पडला म्हंजी खरं."

"आणि तुमच्या शेजारी होते का ते?"

"व्हय साहेब. दुपारभर त्येंचं कोपर लागत हुतं मला."

साहेब गेले. संध्याकाळी शिंदे मास्तर शाळेच्या फाटकातून आत आले. धोतर गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीनं भरलेलं, डोळे सुजलेले. आम्ही कुणी पुढे झालो नाही. मोहिते तेवढे उठले, त्यांनी मास्तरांना हाताला धरून शेवटच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

"मास्तर, कालचा धडा माज्याकडनं समजून घ्या," ते म्हणाले. "तुमी शेजारीच हुता, पर तुमचं ध्यान नव्हतं!"