पहिल्या घासाची कॅप्सूल

बायको आजारी पडली तशा आमच्या घरातल्या दुपारी लांबत गेल्या. खरवईतलं घर जुनंच, पण समोरच्या शेतांत आता इमारती उभ्या आहेत. त्यांच्या काचांवरून ऊन उलटं येतं आणि आमच्या भिंतीवर पाण्यासारखं हलत राहतं. त्या उजेडात ती पडून असायची. केमोनंतरचे चार दिवस आपण जाग्या आहोत की झोपेत, हे तिलाही सांगता यायचं नाही. मीही खुर्चीत पेंगत असायचो.

ती झोपेत जेवायची. डोळे उघडले की सांगायची, आज वालाचं बिरडं खाल्लं, आज सुकट आणि तांदळाची भाकरी. जागेपणी मात्र पाण्यालाही लोखंडाची चव. तरी ती हट्टाने खायची आणि तरी दवाखान्याच्या दर खेपेला वजन उतरलेलंच. स्वादुपिंडाचा कॅन्सर असाच छळतो. अन्न पोटात जातं, पण अंगी लागत नाही, संडासात तेल तरंगतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी घटलं तर पुढची केमो देता येणार नाही.

त्यासाठीच ती कॅप्सूल होती. अंबरनाथच्या आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, अन्न पचवायचं काम आता या कॅप्सूलचं, पहिल्या घासालाच द्या. मी देत होतो. ढिलाई माझ्या स्वभावात नाही. दोन्ही वेळा पानं मांडली की कॅप्सूल तिच्या हातावर ठेवायची, तिने गिळली की मगच मी ताटावर बसायचो आणि मान खाली घालून जेवायचो. वजन उतरलं की मात्र तिच्यावरच खेकसायचो, "तू खातच नाहीस, टाकून देत असशील."

"खाते वो," एवढंच म्हणायची.

एका दुपारी ती हसत जागी झाली.

"सपान पडलं. कुणाचं तरी लगीन व्हतं. मी पयल्या पंगतीला, आन् तुमी वाढताय."

"मग त्यात हसायला काय झालं?"

"मी आन् पयली पंगत!"

आमच्याकडे लग्नात बायका शेवटी बसतात, हे खरंच. "पण घरी तर आमच्याबरोबर बसतेस ना?" मी म्हणालो.

खुळ्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. "कवा बसते? तुमचं सगल्यांचं झालं, भांडी उचलली, का मंग बसते."

"आजारपणातसुद्धा?"

"सून दमून येते, भाकरी भाजते. वाढायला तरी मी नको?"

म्हणजे कॅप्सूल आमच्या पहिल्या घासाला आणि तिचा पहिला घास तासाभराने. रिकाम्या पोटात औषध वाया जात होतं, मागून गेलेलं अन्न तसंच बाहेर पडत होतं. तीन महिने. मला राग आला, आधी तिचा, मग त्या बाईंचा, शेवटी माझा. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि माझी बायको जेवते केव्हा, हे मला तिच्या स्वप्नातून कळलं.

त्या संध्याकाळी तिचं पान आधी मांडलं. मऊ भात, आमटी, माशाचा मधला तुकडा. मी, मुलगा आणि सून समोर उभे. तिने एका हातात कॅप्सूल आणि दुसऱ्या हातात घास धरला, पण तोंडाकडे काही नेईना.

"तुमी जेवल्याबिगर मना घास उतरत नाय."

"मला तू हवी आहेस," मी ओरडलो. "जेव."

मग आम्ही तिघं आत निघून गेलो, तिला लाज वाटू नये म्हणून. भिंतीआडून ताटलीचा बारीक आवाज येत राहिला.

पुढच्या खेपेला वजन उतरलं नव्हतं. केमो मिळाली. अजून पुढचं काही ठाऊक नाही, पण आता तिचं पान पहिलं आणि माझं शेवटचं.

त्या पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांच्या मागून बसलो. भात गार आणि टोपाला चिकटलेला, आमटी तळाची, मासळीचं शेपूट तेवढं उरलेलं. चौतीस वर्षं ती हेच जेवत आली होती.