अर्धा मणी

दिंडोरीच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे आणि घरही बागेतच. द्राक्षातली साखर मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे, कपाटात, खोक्यासकट. माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, त्यावर विश्वास नाही. ते घडातला मणी तोडायचे, दातांनी अर्धा करायचे, एक अर्धा स्वतः खायचे आणि दुसरा आमच्या कुत्र्याला द्यायचे. कुत्र्याने थुंकला की आठ दिवस थांबायचं, गिळला की व्यापाऱ्याला फोन. तेरा वर्षं आमचा माल असाच गेला. व्यापारी हसायचे, पण कुत्र्याने पास केलेल्या मालाला एकानेही नावं ठेवली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात कुत्र्याने खाणं सोडलं. आम्ही त्याला नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. किडन्या गेल्यात म्हणाल्या, आणि काय काय खातो ते विचारलं. नाना कौतुकाने म्हणाले, "सगळं खातो. द्राक्षं तर लय आवडीनं."

बाईंचं लिहिणं थांबलं. द्राक्षं कुत्र्यांना विषासारखी असतात, त्यांनी सांगितलं. मग नानांकडे बघून घाईघाईने म्हणाल्या, "पण याचं वयही झालंय काका, त्यामुळेही असेल." घरी येईपर्यंत मी तेच वाक्य दहा वेळा म्हटलं. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. द्राक्षावरचा प्रत्येक रोग आणि त्यावरचं औषध आमच्या घरात तोंडपाठ आहे. एवढी एक गोष्ट कुणाला माहीत नव्हती.

चार दिवसांनी कुत्रा गेला. नानांनी त्याला बांधाच्या कडेला पुरलं, हातपाय धुतले आणि सांगितलं, "आता या घरात कुत्रं नाय."

दिवाळीनंतर आई मावशीकडे कळवणला गेली आणि येताना पिशवीत पिल्लू घेऊन आली. तांबूस, पोट सुटलेलं, एक कान उभा आणि एक पडलेला.

"परत देऊन ये," नाना म्हणाले.

"तुम्हीच जा. एसटी सकाळी आहे," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

नाना गेले नाहीत. पण त्यांनी पिल्लाला हातही लावला नाही. ते पायाशी आलं की पाय वर घ्यायचे. भाकरीचा तुकडा टाका म्हटलं तर, "तूच टाक," म्हणायचे. मला संताप यायचा. एवढंसं जनावर, त्याने काय घोडं मारलंय यांचं? एकदा मी तसं तोंडावर बोललेही. नाना म्हणाले, "माझ्या हातचं नको त्याला." त्यानंतर भाकरी मीच टाकायला लागले.

पुढे मण्यांत पाणी उतरलं, माल पिकायला लागला. एका सकाळी पिल्लाने वेलीखाली पडलेला मणी तोंडात घेतला. नानांचा गुडघा दुखतो, जिना चढताना ते तीनदा थांबतात. त्या दिवशी अख्खी ओळ धावत आले, पिल्लाला धरलं, जबडा उघडला आणि बोट घशापर्यंत घातलं. मणी निघाला. पिल्लाने बोटाला कडकडून चावा घेतला. "चाव लेका, चाव," नाना म्हणाले आणि रक्ताळलेल्या बोटासकट त्याला छातीशी धरून बसले.

दुसऱ्या दिवसापासून नाना रोज पहाटे खराटा घेऊन वेलीखालचे मणी झाडायला लागले. मजुरांना वाटलं, यांचं डोकं फिरलं. आई म्हणाली, "चाळीस वर्षांत घरात कधी झाडू धरला नाही." तरी रोज चहा मात्र तीच बागेत नेऊन द्यायची.

मग तोडणी जवळ आली. नानांनी मणी तोडला, दातांनी अर्धा केला, एक अर्धा खाल्ला. दुसरा धरलेला हात सवयीने खाली गेला. खाली पिल्लू शेपटी हलवत उभंच होतं. हात तिथेच थांबला. मग नानांनी तो वर आणला आणि दुसरा अर्धाही स्वतःच्याच तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिले.

"आंबट हाय अजून," शेवटी म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले.

मी त्याच घडातला मणी खाल्ला. गोड होता. आम्ही आठ दिवस थांबलो.